आठ वाव लांब घर

पोलीस खात्यात माझी बत्तीस वर्षे गेली. त्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांचे क्रमांकसुद्धा आता आठवत नाहीत. 'आठ वाव लांब, पाच वाव रुंद' हे माप मात्र डोक्यातून गेलेले नाही.

नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत मी तारापूरकडच्या एका पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होतो. पासपोर्टची पडताळणी आणि चारित्र्याचे दाखले हे माझे टेबल. काम कंटाळवाणे, पण मला आवडायचे. पत्ता जुळतो का, सही जुळते का, तारीख जुळते का, एवढेच बघायचे.

एका सोमवारी टपालात निनावी अर्ज आला. पाकिटावर उमरोळीच्या पोस्टाचा शिक्का. मजकूर असा : 'आमच्या गावची एक मुलगी न्यूझीलंड देशात नर्स आहे. ती तिकडे घर विकत घेत आहे. घर आठ वाव लांब, पाच वाव रुंद, खोल्या तीन. एवढे मोठे घर नर्सला कसे मिळते याचा तपास व्हावा. तोवर तिला पोलिसांचा दाखला देऊ नये. आपला, एक जागरूक नागरिक.'

त्या मुलीचा कागद माझ्याच टेबलावर होता. तिला तिथे कायम राहण्याचा परवाना हवा होता, त्यासाठी आपल्या पोलिसांचा दाखला लागत होता. परवाना आला तरच घराचा करार होणार होता. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता, असे तिने सोबतच्या पत्रात लिहिले होते. म्हणजे हातात एकोणीस दिवस. निनावी असला तरी अर्जाची चौकशी पुरी झाल्याशिवाय मी दाखल्यावर शेरा मारणार नव्हतो.

मी दोन्ही कागद वरिष्ठांपुढे ठेवले. ते मूळचे विदर्भातले.

"हा वाव काय प्रकार आहे हो?"

"साहेब, दोन्ही हात आडवे पसरायचे. या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव. मच्छीमार दोरी आणि पाण्याची खोली असंच मोजतात. साधारण सहा फूट."

"म्हणजे अर्जदार बोटीवर जाणारा आहे. सोपं झालं की."

"साहेब, त्या गावात बोटीवर न गेलेला माणूस शोधणं सोपं. गेलेला शोधायचा म्हणजे अख्खा गाव झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी मुलीच्या घरी पोचलो. अंगणात शिरताना गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणलेल्या दोरीत पाय अडकला आणि पडता पडता वाचलो. मासळी वाळवायला काही बांधले असेल असे समजून पुढे गेलो.

"त्या दोरीत मी दोनदा आपटले, भाऊ," मुलीची आई दारातूनच म्हणाली. "सोड म्हणते, तर हा मानूस सोडत नाय."

'हा माणूस' म्हणजे तिचा नवरा. तीस वर्षे बोटीचा तांडेल, म्हणजे प्रमुख. आता गुडघ्यांमुळे घरी. आखूड हातांचा, जाड मनगटांचा गृहस्थ ओटीवर बसून जाळे सांधत होता. त्याने मान वर केली नाही.

अर्जाचे आणि पाकिटावरच्या उमरोळीच्या शिक्क्याचे ऐकून आईचा पारा चढला. "ही माझ्या जावेचीच करनी! पोरगी परदेशी गेली तवापासून तिच्या पोटात दुखतंय."

"जावेला लिहिता येतं?"

"नाय." जरा थांबून ती म्हणाली, "अंगठा उठवते."

म्हणजे जाऊ सुटली. मी घराची माहिती मागितली. आईने मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याच्या हंड्याला टेकवून ठेवला. तिकडे संध्याकाळ होती, मुलगी नुकतीच ड्युटीवरून आलेली. तिने नकाशा समोर धरून आकडे सांगितले. लांबी तेरा पूर्णांक सहा मीटर, रुंदी साडेआठ मीटर, खोल्या चार.

मी डायरीत भागाकार केला. तेरा पूर्णांक सहा भागिले आठ, उत्तर एक पूर्णांक सात. साडेआठ भागिले पाच, उत्तर पुन्हा एक पूर्णांक सात. अर्जातले माप अंदाजाने लिहिलेले नव्हते, मोजलेले होते. ज्याने मोजले त्याचा वाव एक मीटर सत्तर सेंटिमीटरचा, म्हणजे पाच फूट सात इंचांचा. सहा फुटांना पाच इंच कमी. अर्जदाराचे हात आखूड होते.

मी वळून अंगणाकडे पाहिले. चार कोपऱ्यांत चार खुंट्या, त्यांना ताणलेली दोरी, आत आडव्यातिडव्या आणखी दोऱ्या. मोजले, तर आत तीन चौकोन होते. अर्जातही खोल्या तीनच होत्या.

टेप माझ्या पिशवीत नेहमी असतो. अंगणातली लांबी भरली चव्वेचाळीस फूट आठ इंच.

"तांडेल, जरा उभे राहता? दोन्ही हात पसरा."

"कशाला?"

"चौकशीचा भाग आहे."

तो उभा राहिला आणि त्याने हात पसरले. मी टेप लावला. पाच फूट सात इंच. पुढे मी काही विचारले नाही. टेप तसाच धरून उभा राहिलो. उलटतपासणीत गप्प राहण्यासारखा प्रश्न नाही, हा माझा अनुभव.

"उमरोळीला कधी गेला होता तुमी?" बायकोनेच विचारले. "गुडघा दाखवायला डॉक्टरकडं चला म्हटलं तर जात नाय, आन् पत्र टाकायला उमरोळी?"

तांडेलाने हात खाली घेतले. "मीच लिवलं, साहेब. तुरुंगात घाला."

"का लिहिलं?"

"ती तिकडं भाड्यानं राहते तवर ती पावनी हाय. आज ना उद्या घरी येल. घर घेतलं की ती घरची झाली आन् आमी पावने झालो. पोरीला अडकवायचं नव्हतं. कागद जरा लांबावा, घर हातचं जावं, एवढंच."

तेवढ्यात हंड्याकडून आवाज आला. फोन कोणी बंदच केला नव्हता.

"बाबा, अर्ज तू केलास?"

तांडेलाने तोंड फिरवले.

"आन् खोल्या तीनच लिवल्यास ना? मी सांगत होते तवा तू फोन आयेच्या हातात देऊन उठून गेलास. चौथी आयकलीसच नाय, आन् मागनं आयेला घराचं नावबी काढू दिलं नायस. दाराजवळची. ती तुमची हाय, तुझी आन् आयेची. बिनजिन्याचं घर सात महिने कोनासाठी शोधलं मी? माझे गुडघे चांगले हायत!"

मग तांडेल फोनजवळ गेला आणि खाकरला.

"किती वावाची?"

बायकोने कपाळावर हात मारला. मी डायरीत तोंड लपवून हसलो.

खोटा अर्ज हा गुन्हाच. ठाण्यात बोलावून त्याचा जबाब घेतला, त्याने अर्ज लेखी मागे घेतला. वरिष्ठांनी आवाज चढवून समज दिली आणि मग चहा दिला. मी खरे तेच लिहिले : 'अर्जदार हा मुलीचा पिता असून अर्ज ममतेपोटी केला आहे. आरोपात तथ्य नाही.' त्यातला 'ममतेपोटी' हा शब्द सरकारी भाषेत बसत नाही, असे म्हणून वरिष्ठांनी तो खोडला. मग थोडा विचार करून पुन्हा लिहिला. दाखल्याचा कागद वर गेला तेव्हा महिनाअखेरीला अकरा दिवस बाकी होते.

या चौकशीने मला एक गोष्ट शिकवली. माणूस स्वतःचे नाव लपवू शकतो, पण मोजण्याची सवय लपवू शकत नाही. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. ज्याचे वाईट व्हावे असे वाटते, त्याचे घर कोणी एवढ्या काळजीने मोजत नाही. अर्ज वाचला त्याच दिवशी हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

निवृत्त झाल्यावर एकदा त्या बाजूला गेलो होतो. करार झाला होता, नवराबायकोचे पासपोर्ट आले होते, विमानाची तिकिटे निघाली होती. अंगणातली दोरी तशीच होती, फक्त आत आता चार चौकोन होते. मुलीच्या दिवाणखान्यात बोंबील वाळत होते. दाराजवळच्या चौथ्या खोलीत खाट टाकून तांडेल आडवा झाला होता.

मी दोरी ओलांडायला पाय उचलला.

"ओ साहेब!" तो खाटेवरून ओरडला. "भिंतीतून काय येता? दार तिकडं हाय."

मी वळसा घालून दोन खुंट्यांमधल्या मोकळ्या जागेपाशी गेलो, चपला बाहेर काढल्या आणि आत शिरलो.