बकरी म्हणते, गो बाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही. नाताळच्या आधी फादरांसमोर गुडघे टेकून बाकीची सगळी पापं सांगितली, तेव्हाही हे तेवढं गिळलं. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल.

आधी तो गेम सांगते. मुद्दा टाळतेय, असं वाटेल. टाळतेच आहे. पण तो पाहिल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

तळहाताएवढा, डबीसारखा मिटणारा जुना व्हिडिओ गेम. उघडला की वर-खाली दोन पडदे. शाळेत एका मुलीकडे होता आणि तिच्याकडे मागायचं धाडस मला कधी झालं नाही. नोकरी लागल्यावर एक दिवस मोबाईलवर जाहिरात दिसली, राजोडीला कुणीतरी विकत होतं. मी फुलपाड्याहून रिक्षा बदलत बदलत गेले.

लुसी मावशी दोन खोल्या रिकाम्या करत होत्या. शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्या लोकांना भाड्यानं द्यायच्या म्हणून. गेम त्यांच्या मुलाचा, रॉबिनचा. तो बोटीवर नोकरीला.

"भावासाठी नेतेस?"

"नाही... मलाच."

"एवडी घोडी झालीस नि खेलतेस?" त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मलाही हसू आलं. "ने. धूल खात पडलाय. पन पानी पिऊन जा."

घरी आणून चार्ज केला, आजची तारीख घातली. आत एक कॅसेट तशीच राहिली होती. ती सुरू झाली.

आत एक गाव होतं.

बाहुलीसारखी माणसं आणि शेजारी म्हणून प्राणी, असा तो खेळ. पण हे गाव कुणीतरी हातानं, वर्षानुवर्षं लावलं होतं. नारळ एका ओळीत. दोन वाटा मिळतात तिथे दगडांचा क्रूस, आमच्याकडच्या गल्ल्यांच्या तोंडाशी असतो तसाच. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही कडांना शिंपले मांडलेले, एकही वाकडा नाही. एका घरावर पाटी — रॉबिन. शेजारी दुसरी — फिलू. आणि सगळीकडे तण माजलेलं. मी तारीख घातली तेव्हा त्या गावानं मधली सगळी वर्षं मोजली होती! कपाटात, अंधारात, बॅटरी संपलेली असतानाही जणू तिथे दिवस उगवत राहिले होते. माझ्या खिडकीबाहेर संध्याकाळ झाली की त्यांच्या नारळांवरही व्हायची. देवळात लहान मूल मान वर करून छताकडे बघतं ना, तशी मी त्या बोटभर पडद्याकडे बघत बसायचे.

नवीन खेळ सुरू करता आला असता. मी रॉबिन होऊन आत शिरले.

क्रुसाजवळ एक बकरी धावत आली. इतके दिवस कुठे होतास रॉबिन, असं तिनं इंग्रजीत विचारलं आणि शेवटी म्हणाली — go bay. मी कुठेही गेले तरी मला असं धावत येऊन कुणी विचारत नाही. मी त्या बकरीची झाले.

ती प्रत्येक वाक्यानंतर तेच म्हणायची. Go bay. मी इंग्रजी शाळेतली. Bay म्हणजे खाडी, उपसागर. बकरी मला समुद्राकडे जायला सांगतेय, काहीतरी पुरलेलं असणार! कितीतरी दिवस मी तो किनारा उकरत होते. तण उपटलं, शिंपले सरळ केले, पुन्हा उकरलं. काही सापडलं नाही.

मग लुसी मावशींचा फोन आला.

"कशी हायेस गो बाय?"

गो बाय. Bay म्हणजे खाडी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'बाय' होतं. आमचंही मूळ गाव भुईगाव, पण शाळेत घातल्यावर गावची बोली घरातून गेली. उच्चार बिघडतील म्हणे. मला या शब्दांनी कधी कुणी हाक मारली नव्हती. आणि एक बकरी रोज मारत होती — मला वाचता येत नव्हतं.

"एक इचारायचं व्हतं," मावशी म्हणाल्या. "त्या गेमात पोरांचं गाव व्हतं म्हने. मला काय म्हाईत? मी इकून मोकली. माज्या पोरीनं, फिलूनं, बकरीला पन बोलायला शिकवलं व्हतं. रॉबिनला चिडवायला, बकरी त्याला पोरीवानी गो बाय म्हनायची!" त्या हसल्या. "फिलू आता सिस्टर झाली ना. मठात नाव पन दुसरं दिलं. तिचं ते नाव आता तितंच ऱ्हायलंय, आसं रॉबिन म्हनतो. गाव आसंल तर पैसे देऊन परत घे म्हनतो. हाय का गो त्यात काय?"

गेम माझ्या मांडीवर उघडा होता. पडद्यावर फिलूचं घर होतं.

"नाही मावशी," मी म्हणाले. "रिकामा होता."

किती स्वच्छ उच्चार होते माझे!

"मंग माज्याच हातून पुसलं गेलं आसंल. तुला द्यायच्या आदी फडक्यानं चांगला पुसला ना मी तो. बटनं दाबली गेली आसतील. सांगते त्याला, माजी चूक झाली. तू नको वाईट वाटून घेऊ."

इथवर आले, म्हणजे आता राहिलेलं एक सांगते. 'रिकामा होता' हे मी फादरांना कधीतरी सांगितलंही असतं. अडतं ते त्यापुढे. पुसल्यानं असं काही जात नाही, हे मला ठाऊक होतं. त्या माउलीला ठाऊक नव्हतं. मी नुसती गप्प बसले असते तरी — पण मी गप्प बसले नाही. मी म्हणाले,

"असेल."

एवढंच. असेल. जन्मभर कुणाशी नीट बोलता न आलेली मी, तेवढं बरोबर वेळेवर बोलले.

त्या दिवशी त्यांनी मुलाला काय सांगितलं, कशा शब्दांत सांगितलं, तो समुद्रावरून आईला काय म्हणाला — मला माहीत नाही. फिलूला कळवलं का, तेही नाही.

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून घरी आले, गेम उघडला. बकरीच्या घरात खोकी बांधलेली. या खेळात प्राणी कधीकधी गाव सोडून जायला निघतात. आणि निघण्याआधी विचारतात. तिनंही विचारलं. जाऊ का रॉबिन, की राहू? गो बाय.

हे रॉबिननं ठरवायचं होतं. नाहीतर फिलूनं.

मी 'राहा'वर बोट ठेवलं. तिनं उडी मारली, खोकी सोडली. आणि तिच्याशी मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, रिकाम्या खोलीत, ते दोन शब्द. माझ्या तोंडून ते इतके सहज आले की मीच दचकले.

लुसी मावशींचा नंबर माझ्याकडे आहे. राजोडी लांब नाही. मी गेलेले नाही.