मामांचं दुसरं मत

पहिल्या उत्तरावर विसंबणारा माणूस मूर्ख असतो, असं आमच्या मामांचं ठाम मत आहे; आणि दुसऱ्या कुणाला न विचारता त्यांनी बनवलेलं जन्मातलं हे एकमेव मत. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मुक्काम डिलाईल रोडची चाळ, दुसरा मजला. उभी हयात शिवडीच्या गोदामात माल मोजण्यात गेली. तिथे एकाने मोजलेली पोती दुसऱ्याने मोजल्याशिवाय जागची हलत नसत. मामा निवृत्त झाले आणि ती पद्धत घरी घेऊन आले. कंडक्टरने "भायखळ्याला जाते" म्हटलं, की शेजारच्या प्रवाशाला विचारणार, "जाते ना हो?" मामींनी आमटीत मीठ बरोबर आहे म्हटलं, तर वाटी शेजारच्या खोलीत जाणार. लग्नाआधी मामींना बघायला स्वतः गेले, मग आत्याला पाठवलं. "मी मात्र ह्यांका एकदाच बघलंय, आणि फसलंय," हे मामी अजून ऐकवतात.

अशा माणसाची जुनी मोटार गणपतीच्या दोन आठवडे आधी निळा धूर सोडू लागली. मामींच्या माहेरचा गणपती मालवणकडे. लग्नापासून तो एकदाही चुकला नव्हता. गुडघ्यांमुळे त्यांना बसच्या काय, रेल्वेच्या काय, उंच पायऱ्या चढवत नाहीत, म्हणजे गाडी नाही तर गणपती नाही. भोईवाड्याच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल. आठ दिवस." खर्चाचा आकडा ऐकून मामा स्टुलावर बसले. मग उठून म्हणाले, "एकाचं ऐकून कुणी इंजिन उतरवतं काय?"

झालं! आमची वरात निघाली. आमची म्हणजे मामा, धूर आणि साक्षीदार म्हणून मी. शिवडीचा मेकॅनिक म्हणाला, नुसतं ऑइल बदला. म्हणजे एक-एक अशी बरोबरी. ती सोडवायला तिसरा गाठला, तर तो म्हणाला, विकून टाका. परळच्या चौथ्याने साहजिकच विचारलं, "आधीच्यांनी काय सांगितलं?" मामा त्याच्या अंगावरच गेले. "ते सांगितलं तर तुमचं मत तुमचं कसं राहील?" त्याने बॉनेट आपटून बंद केलं. मी कळवळून म्हटलं, "मामा, पहिल्याकडे टाका आणि मोकळे व्हा हो." "तुमचं एक मत धरलं," मामा म्हणाले.

शेवटी मामींनीच गावच्या देवाला कौल लावायला सांगितलं. गुरव देवाला फुलं लावतो. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. पहिल्या मेकॅनिकचं ऐकायचं का, असा प्रश्न फोनवरून गेला. उजवं पडलं. मामींनी हात जोडले आणि कपाटातून जरीची साडी काढली. मामांनी तेवढ्यात पुन्हा फोन लावला होता. "गुरवबुवा, एकदा परत लावून बघा ना."

"देवाक परत विचारूचा नसता!" म्हणून गुरवाने फोन ठेवला. मामांनी मुकाट्याने गाडी भोईवाड्याला नेली. तेव्हा चतुर्थीला चार दिवस उरले होते, आणि कामाला लागणार होते आठ.

चतुर्थीला मी गेलो तर मामी तीच साडी नेसून, माहेरची आरती मोबाईलवर बघत टाळ्या वाजवत होत्या. मामा बाहेर गॅलरीत उभे. इतका लहान झालेला माणूस मी पाहिला नव्हता. मला कोपऱ्यात ओढून हळूच म्हणाले, "मी तिला विचारलं, रागावलीस का. नाही म्हणाली. जावईबापू, तुम्ही एकदा विचारून बघता?"

हसावं की त्यांना एक धपाटा घालावा, मला कळेना. मी आत जाऊन विचारलं. मामींनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "त्यांका सांगा, दुसरा मत पण ताच आसा."

मी बाहेर येऊन तेवढंच सांगितलं. डोळ्यांचं बोललो नाही. मामांना ते कळलं असावं. तिसऱ्या कुणाला न विचारता ते आत गेले, आणि मामींच्या शेजारी बसून टाळ्या वाजवू लागले.