नर्सबाईंनी गाळलेली ओळ

प्रभूची प्रार्थना म्हणताना आमच्या नर्सबाई एका ओळीला गप्प बसत. तलासरीच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत त्या माझ्या आईशेजारी बसायच्या. आवाज खणखणीत. पण इतरांना क्षमा केल्याची ओळ आली की तो आवाज थांबे आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू होई. एकदा आईने त्यांना विचारलंच. त्या शांतपणे म्हणाल्या, "जे अजून केलं नाही, ते केलं म्हणून देवाला कसं सांगू?"

खरं बोलण्याची त्यांना खोडच होती. दवाखान्यात सुई टोचताना 'काही दुखणार नाही' असं त्या कुठल्याच मुलाला म्हणाल्या नाहीत. डोंगराकडच्या गावांतून आलेल्या मुलांशी वारलीत, बाजारातल्या दुकानदारांच्या मुलांशी गुजरातीत आणि आमच्याशी मराठीत त्या एकच सांगत, "दुखेल. मग थांबेल." आणि मुलं त्यांच्यापुढे कमी रडायची.

त्यांचं स्वतःचं दुखणं सगळ्या मंडळीला माहीत होतं. तरुणपणी त्यांचं लग्न एका शिक्षकाशी ठरलं होतं. उपासनेत लग्नाची सूचना वाचून झाली होती, साड्या घेऊन झाल्या होत्या. तेवढ्यात त्या शिक्षकाने आणि बाईंच्या धाकट्या बहिणीने, मीनाने, परस्पर लग्न केलं आणि दोघं बोर्डीला राहायला गेली. आई लवकर गेल्यामुळे मीनाला बाईंनीच वाढवलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या. लग्न मोडल्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. "मीनाने मला आधी सांगायला हवं होतं," एवढंच त्या आईजवळ बोलल्या होत्या.

मंडळीचे पाळक बाईंच्या घरी येऊन समजावून गेले, की क्षमा करणं आपलं कर्तव्य आहे. बाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की मला जमत नाही हे मी रोज देवाला सांगते आणि ते ओझं त्याच्याकडे ठेवून कामाला जाते. लोकांना वाटायचं, बाईंच्या मनात अढी आहे. पण उपासनेनंतर बायकांनी मीनाचा विषय काढला, की बाई पिशवी उचलत. "ती गोष्ट मी देवाकडे दिली आहे," त्या म्हणत. "परत मागून चघळायची नाही."

अशी बरीच वर्षं गेली. मी कॉलेजात असताना एका रविवारी, उपासनेच्या आधीच, त्या आमच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, चल, बोर्डीला जाऊ. आई चकित झाली. बाई म्हणाल्या, "सकाळी मीनासाठी प्रार्थना केली. रोजच करते, पण रोज जोर लावावा लागतो. आज नाही लागला."

एसटी बदलत आम्ही बोर्डीला पोचलो. मीनामावशी अंगणात बसून चिकू निवडत होती. बहिणीला पाहून ती उठलीच नाही. हातातला चिकू तसाच धरून राहिली. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"मला लागलं होतं, मीना. फार लागलं होतं. आता माझ्या मनात काही नाही."

मीनामावशी रडायला लागली. "मी रोज वाट बघायचे गं, ताई."

"मग यायचं होतंस."

"कोणत्या तोंडाने येऊ?"

बाईंनी तिचे डोळे आपल्या पदराने पुसले. दारात मीनामावशीचे यजमान, सर, उभे होते. आत जावं की बाहेर यावं, ते त्यांना कळत नव्हतं. बाईंनी त्यांना चहा ठेवायला सांगितलं आणि साखर बेताची टाका असंही सांगितलं. मग दोघी बहिणी चिकू निवडत बसल्या.

पुढच्या रविवारी प्रार्थनेत ती ओळ आली आणि बाईंचा आवाज थांबला नाही. उलट जरा मोठाच लागला. माझी आईच मध्ये अडखळली.

निवृत्तीनंतर बाई बोर्डीला मीनामावशीकडेच राहिल्या. तोवर सर वारले होते. मी डहाणूला नोकरीला लागले होते, अधूनमधून जायची. दोघी बहिणींचं सतत वाजत असे. आमटीत मीठ कमी का, दार लावलं का नाही, ओले कपडे कुठे घातले, कशावरूनही. मी पंच म्हणून बसले की दोघी मिळून मलाच गप्प करायच्या. त्या घरातून निघताना मला नेहमीच बरं वाटायचं.

गेल्या थंडीत नर्सबाई गेल्या. झोपेतच गेल्या. मातीहून परतल्यावर मी मीनामावशीजवळ बसले.  ती म्हणाली, "काल दुपारीसुद्धा भांडलो आम्ही. इतकी वर्षं भांडलो. पण भांडणात एकदासुद्धा तिने ते जुनं काढलं नाही."