तांब्याच्या हंड्यातला नमुना

माझी मुलगी पाण्यातलं तांबं ओळखणारा सेन्सर बनवते. हे वाक्य मी शाळेच्या ऑफिसात इतक्यांदा म्हटलंय, की मी तोंड उघडलं की शिपाई चहाच्या नावाने सटकतो. सेन्सर म्हणजे पेन्सिलीएवढी कांडी, टोकाला एका पावडरीचा लेप. धातूचे अणू आणि कार्बनच्या दांड्या एकमेकांत अडकवून केलेली ती जाळी. भोकं इतकी बारीक की आमच्या कामतघर भागातल्या कुठल्याच यंत्रमागावर तसं कापड निघायचं नाही. पाण्यातलं तांबं त्या भोकांत अडकतं, मग कांडीला वीज दिली की स्क्रीनवर उंचवटा उठतो. जितकं तांबं, तितका उंच. यापुढचं मला विचारू नये.

दोन वर्षं तिने प्रयोगशाळेत बनवलेल्या पाण्यावर चाचण्या केल्या. आता घरोघरचं खरं पाणी हवं होतं. मला एक बाटली मिळाली आणि सूचना: सकाळी नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा, मग थेट त्याखाली भरायची. आमच्याकडे पाणी तासभरच येतं. त्या दिवशी मी दाढी करत रेंगाळलो आणि पाणी गेलं. स्वयंपाकघरात तांब्याचा हंडा भरलेला होता. बायको तो रोज भरून ठेवते, सकाळी आम्ही दोघं त्यातलंच ग्लासभर पितो. म्हटलं, पाणी कालचं, पण नळाचंच, वर तांब्यातलं, म्हणजे जास्तच शुद्ध. लेकीच्या कामाला चांगलंच जाऊ दे. भरली बाटली.

चार दिवसांनी तिचा फोन आला, आवाज पडलेला. बाकी सगळ्या घरांचं पाणी ठीक, आपल्याच नळाचा उंचवटा आभाळाला टेकलेला. तीनदा तपासलं. प्रयोगशाळेतल्या तिच्या मॅडमचं म्हणणं, लेपच बिघडलाय, पावडर पहिल्यापासून करा. म्हणजे आणखी एक वर्ष.

बायको समोर मेथी निवडत होती. माझा चेहरा बघून तिचा हात थांबला. "अहो, त्या दिवशी तुम्हाला पाणी मिळालं कुठलं?"

फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, हंड्यातलं.

"कुठल्या हंड्यातलं, बाबा?"

"तांब्याच्या."

मला वाटलं, आता ती रडते की काय.

"उद्या दोन्ही पाणी घेऊन या," ती सावकाश म्हणाली. "आणि बाटल्या आईला भरू द्या."

दुसऱ्या दिवशी कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये दोन बाटल्या लहान मुलासारख्या मांडीवर धरून मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो. नळाच्या पाण्याला रेघ जवळजवळ सपाट राहिली. हंड्याच्या पाण्याला उंचवटा उठला, तोच, तेवढाच. मॅडमनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. मग त्या म्हणाल्या, पावडर राहू दे आहे तशी. मुलगी खुर्चीत मागे टेकली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला ती दमलेली न दिसता नुसती बसलेली दिसली.

मॅडमनी मलाच विचारलं, पाणी हंड्यात किती तास असतं. आता मुलीला हंड्यातलं पाणी तासातासाचं हवंय. भरायचं काम बायकोकडे. मी लेबलं चिकटवतो. ती लेबलंही बायको एकदा वाचून बघते.