कॉम्प्युटरच्या मागचे बोंबील

कॉम्प्युटरच्या मागे ऊब असते, त्यामुळे तिथे सुके बोंबील सादळत नाहीत, हा शोध माझ्या बायकोचा. नव्वदीची शेवटची वर्षं. बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर म्हणजे अप्रूपच. मी त्याला देवासारखं झाकून ठेवायचो. आणि हिने माहेरून, एडवणहून आलेली बोंबील-जवळ्याची पिशवी त्याच्याच पाठीला टेकवली! मी घाटावरचा, अंडंसुद्धा न शिवणाऱ्या घरातला. लग्न प्रेमाचं होतं, पण प्रेम बोंबलापर्यंत पोचलं नव्हतं. दार उघडलं की मी आधी नाकाला रुमाल लावायचो.

"कंपनीतून येता तेव्हा तुमच्या शर्टाला मोगऱ्याचा वास येतो वाटतं?" ती विचारायची. मी रंगांच्या कारखान्यात होतो. शर्ट बादलीत टाकला की पाणी हिरवं व्हायचं. पण तो पगाराचा वास, असं माझं म्हणणं.

त्या सुमारास धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं. तिचा हट्ट एकच: हळदीला मावशीचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, हवेत. मावशी म्हणजे सासूबाईंची बहीण, गावची धवलारीण. हळद लावताना ती गाणं उचलायची आणि बायका मागून ओढायच्या. पण घशाच्या दुखण्याने तिचा आवाज पार बसला होता. उरली होती एक जुनी कॅसेट, तीही खरखरणारी.

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो. "टेप कॉम्प्युटरला जोडतो, खरखर काढतो, नवी कॅसेट करून देतो."

"नीट कराल ना?" मेहुणीने विचारलं. मी नुसता हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली काढावीशी वाटते.

वायर आणली. एका टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, त्या टेपच्या पाठीत. दुसऱ्या टोकाला बारीक पिन, ती कॉम्प्युटरच्या पाठीत. तिथे तीन भोकं, तिन्ही सारखी, म्हणून आधीच्या पिना काढून एकेक पाहिलं. एकात घातली तर टेप गाभण म्हशीसारखा हंबरू लागला, दुसऱ्यात काहीच नाही, तिसऱ्यात पिन बसली. कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेला माइक टेबलावर तसाच होता, त्याचीही पिन परत लावून टाकली. पडद्यावर मावशीच्या आवाजाबरोबर हिरव्या रेघा नाचू लागल्या. स्पीकरमधून धवले घुमत होते. मी धन्य झालो.

मग मला अवदसा आठवली: मागच्या वायरी नीट करू. टेबलाखाली वाकून हात घातला, तो थेट पिशवीत. कोपरापर्यंत जवळा! बोटांना चिकट, खारट भुगा, आणि त्यातून एक भलंमोठं झुरळ निघून बाहीत शिरलं. पुढे मी जे बोललो ते इथे सगळं लिहिता येणार नाही. शर्ट काढून फेकला, साबणाने हात धुतले, तरी वास जाईना. रागारागाने सुरुवातीचा तुकडा ऐकून पाहिला, छान होता. मग कॉम्प्युटरवरून नव्या कॅसेटवर गाणी भरायला लावली, स्पीकरचा आवाज बंद केला आणि शिफ्टच्या बसला पळालो. जुनी कॅसेट मुद्दाम घरीच ठेवली. आता ती कशाला?

हळदीच्या संध्याकाळी एडवणला मांडवात मी कर्ण्याला जोडलेल्या टेपजवळ ऐटीत बसलो. मेहुणी पाटावर. बायका वाट्या घेऊन उभ्या. बटण दाबलं. मावशीचा आवाज मांडवभर पसरला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि कर्ण्यातून माझा आवाज आला: "शी शी शी! काय घाण! ही काय माणसांनी खायची वस्तू आहे? मांजरंसुद्धा पळून जातील!"

मागोमाग बायकोचा: "हळू बोला, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! तुझं अख्खं गाव सडलंय या वासाने!"

वायर लावून मी कॉम्प्युटरला ती वायर ऐक असं सांगायचंच विसरलो होतो. तो बापडा टेबलावरचा माइक ऐकत बसला होता. स्पीकरमधून मावशी, टेबलाखालून मी.

बंद करायच्या घाईत मी आवाज वाढवला. झुरळासाठी काढलेल्या शिव्या गावाने खणखणीत ऐकल्या. मांडवात कोणी हसेना. मेहुणीच्या गालावर अर्धीच हळद लागली होती आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"आमचे गावाला वास येतं," म्हातारी मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तं नाक बोयसरला ठेवून यायचं व्हतं, जावायबापू."

तेव्हा कुठे हशा फुटला. वरातीतल्या घोड्याकडे बघावं तसं सगळे माझ्याकडे बघत होते.  

"जुनी कॅसेट कुठंय?" मेहुणीने विचारलं.

"घरी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग मावशी हात टेकत उठली. "गाता येत नाय, पन शबुद तर हायत," म्हणत मेहुणीच्या पाटाजवळ बसली. ओळ नुसती बोलायची, फाटक्या आवाजात, खोकत. चाल बायका लावायच्या. मध्येच कुणाचा सूर चुकायचा, मावशी मांडीवर थाप मारून परत आणायची. हळद लागली.

मी वायर गुंडाळत होतो. बायको जवळ आली, टेपचा प्लग भिंतीतून उपटला आणि म्हणाली, "उठा. तुमची बसायची जागा पायजे बायांना."