नायभाऊने स्वतःची वाट बंद केली

आमच्या धाटावच्या कंपनीत त्याला सगळे नायभाऊ म्हणत. तुमचं मागणं पुरं व्हायच्या आत हा "नाय" म्हणायचा. हसून म्हणायचा, पण म्हणायचाच. कंपनीचे सगळे पासवर्ड कॉम्प्युटरातल्या एका तिजोरीत असत, आणि तिच्यात कुणी कुठल्या वाटेने कुठवर जायचं, ते नियम हा लिहायचा.

मी स्टोअरमधली. कॉम्प्युटर त्याच्याकडूनच शिकले, तेही नातवंडं झाल्यावर. माझी वाट स्टोअरपुरती, आणि तीही कशी? खणाचं नाव ठाऊक असेल तर खण उघडायचा. खणांची यादी काही दिसायची नाही. "मेल्या, आपल्याच घरात चाचपडू का मी?" म्हटलं.

"मावशी, लागंल तेवढा घ्यायचा नि भायेर यायचा."

साहेबांनी एकदा भाच्यासाठी चांदणी मागितली. वाटेच्या शेवटी ती चांदणीची खूण टाकली की पुढचे सगळे खण खुले. याने दिली नाही. "बॉयलरवाल्याला बॉयलर, पगारवाल्याला पगार." साहेब चिडले. "मग तूच सांभाळ!" नियम बदलायचा हक्क एकट्या त्याच्या नावावर राहिला, आणि माणूस खुर्चीला बांधला गेला.

हमरापूरला त्याच्या वडलांचा गणपतींचा कारखाना. मूर्तींचे डोळे आखण्यात म्हाताऱ्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण आता त्याचीच नजर चालली होती. "दिसतंय तवर शिकून घे," म्हणायचा. हा रविवारी जायचा, ब्रश हातात घ्यायचा, की फोन! तिजोरी कंपनीच्या आतूनच उघडायची, म्हणजे पेणवरून परत रोहा, कंपनीत. राजीनामा दिला, तर साहेब म्हणाले, "जा की. बोलावलं की यायचं."

मला बघवेना. म्हटलं, "तो नियमांचा हक्क दे माझ्या नावावर." साहेबांनी हसतच सही केली. मग त्याने माझ्यासमोर स्वतःच्या नावापुढे सगळ्या वाटांना नकार लिहिला.

"हा कशाला रे?"

"नकार सगळ्या परवानग्यांच्या वर असतो, मावशी. एवढीशी फट ठेवली तरी वढून आणतील मला."

सोमवारी पगाराची वाट अडली. साहेबांनी फोन स्पीकरवर लावला. "गाडी पाठवतो, ये."

"येऊन काय करू, साहेब? माझ्या नावाला आत वाटच ऱ्हायली नाय. मावशी हायत ना."

फोनमध्ये त्याच्या मागून म्हातारा ओरडला, "बोलू नको रं, हात हालतो! आता डावा डोला. मी सांगतो तसा."

फोन बंद झाला. साहेब माझ्याकडे वळले. मी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात शिफ्टची बस फाटकाबाहेर पडली, माझी बस, आवाजावरूनच कळलं.