उरेब कापडाचं गणित

महिन्याच्या पहिल्या शनिवारी कन्नड मुलखातल्या बोगादीतलं सोयराबाईंचं शिलाईचं दुकान पाचलाच बंद व्हायचं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. कारण साडेपाचला जयलक्ष्मीपुरमच्या एका सभागृहात कुणीतरी प्राध्यापक आणि कुणीतरी पाहुणा एखादा मोठा प्रश्न घेऊन बसत: काळ म्हणजे काय, न्याय कुणाचा, यंत्राला मन असतं का. सातवीत शाळा सुटलेल्या सोयराबाई आठ वर्षं या गप्पा ऐकत होत्या.

"तुम्हाला काय कळतं हो तिथलं?" शेजारचे येसाजीराव चिडवायचे.

"सगळं नाही कळत. जेवढं कळतं, तेवढं महिनाभर पुरतं."

त्या शनिवारी गणिताच्या विदुषी कमलाक्षी पाहुण्या होत्या आणि प्राध्यापक रघूत्तम सर त्यांच्याशी बोलत होते. कमलाक्षींनी फुटबॉलवर कागद गुंडाळून दाखवला. जागोजाग चुण्या पडल्या. "सपाट वस्तू गोलावर अशीच बसते," त्या म्हणाल्या, "मग तो कागद असो की कापड. दुमडा, नाहीतर फाडा."

सभागृहाने माना डोलावल्या. सोयराबाईंना मात्र राहवेना. चाळीस वर्षं बाहीचे गोल बसवलेले हात ते! त्या उठू लागल्या, तशी लेक दीपश्रीने पदर ओढला. "आई, सुम्ने, गप बस की! सगळे बघतात."

बाई उभ्या राहिल्याच. "मॅडम, कागदाचं खरं. कापडाचं तसं नाही."

"बाई, इथे गणित चाललंय," रघूत्तम सर म्हणाले. "प्रश्न असेल तर थोडक्यात विचारा."

"थांबा सर," कमलाक्षी म्हणाल्या. "अम्मा, या वर."

बाई मंचावर गेल्या. पिशवीतून मलमलीचा तुकडा काढून त्यांनी तो चेंडूवर तिरका धरला. "उभ्याआडव्या धाग्यावर ओढलं तर कापड हटून बसतं. तिरकं, उरेब ओढलं की धागे एकमेकांवर कलतात. बघा." बोटांनी हलके हलके ओढत त्यांनी चेंडूचा वरचा निम्मा भाग झाकला. टक नाही, कात्री नाही, एक चुणी नाही.

कमलाक्षींनी त्यावरून बोट फिरवलं आणि त्या मोठ्याने हसल्या. "चुकले मी! कागदाचा नियम कापडाला लावून मोकळी झाले. धागे कलण्याचं गणित वेगळंच आहे." टाळ्या थांबेचनात. दीपश्री सगळ्यात जोरात वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी रघूत्तम सर स्वतः दुकानात आले. "काल मी तुम्हाला तोडून बोललो. चुकलंच. पुढच्या खेपेला पाहुण्या म्हणून याल?"

"मला व्याख्यान जमत नाही, सर."

"व्याख्यान कुठलं? गप्पाच मारायच्या. कमलाक्षीही येणार आहेत."

पुढच्या महिन्याच्या शनिवारी पायऱ्यांवरसुद्धा जागा नव्हती. सोयराबाई कन्नडमध्ये बोलायला लागल्या. भरात आल्या की मधेच मराठीत घसरायच्या, आणि पुढच्या रांगेतले येसाजीराव उठून सगळ्यांना कन्नडमध्ये अर्थ सांगायचे, अगदी ऐटीत. कमलाक्षी वहीत टिपून घेत होत्या.

"मग अख्खा चेंडू एकाच तुकड्यात का झाकता येत नाही?" एका विद्यार्थिनीने विचारलं.

"मॅडम, तुम्ही सांगता?" बाईंनी विचारलं.

"आधी तुम्ही," कमलाक्षी म्हणाल्या.

"बाहीचा गोल ओढून बसतो, पण काखेत शिवण लागतेच," म्हणत सोयराबाईंनी पदर खोचला, खडू उचलला आणि फळ्यावर भलीमोठी बाही काढायला घेतली.